वारा वजा जाता

५ जानेवारी

प्रिय वन्सं,

या शब्दाने तुझ्या अंगावर काटा येतो हे माहीत आहे, म्हणूनच लिहिला. कॉलेजात तीन वर्षं एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीची नणंद होणं तू स्वतः ओढवून घेतलंस. भावाची ओळख कोणी करून दिली होती?

फोन सोडून पत्र लिहितेय याचं कारण बाबा. फोन वाजला की ते खुर्ची सरकवून जवळ येतात. मला ऐकू येत नाही असं ज्या दिवशी म्हणतात, त्या दिवशी त्यांना सगळं ऐकू येतं. आणि विषय त्यांचाच आहे.

तुमच्या शहरात कालव्याजवळ स्टेशनरीच्या दुकानावर तीन खोल्यांचं घर रिकामं होतंय. दुकानदार बाबांच्या जुन्या ओळखीचा. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे तेव्हा लाल शाई त्याच्याकडूनच यायची. तो मार्चअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. तुझ्या भावाला तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात जागा मिळू शकते, मला कुठलीही शाळा चालेल. बाबांना तर यायचंच आहे. म्हणतात, इथे बोलायला माणूस नाही. आम्ही दोघं आहोत, पण आम्ही त्यांच्या मते माणसांत मोजण्यासारखे नाही. तुझ्याकडे राहायचं म्हटलं तर तुझी ती बस आगारासमोरची एक खोली, तीही चौथ्या मजल्यावर. त्यांना जिना झेपणार नाही.

अडचण त्यांच्या छातीची. डॉक्टर म्हणतात, धुराच्या जागी नेऊ नका. आणि मागच्या आठवड्यात पेपरात आलं की तुमच्या शहराची हवा वीस वर्षांत सुधारली, खाली तुझ्या कचेरीचं नाव. म्हणून विचारते, कालव्याजवळची हवा खरंच सुधारली का? हो की नाही, एवढंच कळव.

तुझा भाऊ म्हणतो, तिला हो-नाही विचारलंस तर तक्ता येईल. मीही विसरलेले नाही. लग्नाआधी तुला विचारलं होतं, तुझा भाऊ स्वभावाने कसा आहे? तू म्हणालीस, ‘माझी निरीक्षणं एकाच घरातली आहेत, त्यावरून सांगणं बरोबर नाही.’ एवढ्या शिफारशीवर मी लग्न केलं.

तुझी,
वहिनी

*

१७ जानेवारी

प्रिय वहिनी,

‘हो’ लिहिलं होतं. मग खोडलं. तू कागद उजेडासमोर धरून बघशील म्हणून नवा घेतला.

पेपरात आलं ते खोटं नाही, पण कच्चं आहे. वर्षाची सरासरी उतरली हे खरं. पण गेली काही वर्षं इथे वाराही जास्त वाहतोय. वाऱ्याने आमचा धूर पुढच्या गावाला ढकलला तर त्यात आमचं काय कर्तृत्व? शिवाय मधल्या काळात यंत्रं बदलली. जुनं कागदावर धूळ गोळा करून वजन करायचं, नवं उजेडाने मोजतं. वजनकाटा बदलला आणि त्याच दिवशी माणूस बारीक झाला, तर आपण त्याचं अभिनंदन करत नाही. हे सगळं निस्तरून वीस वर्षांचा खरा अहवाल लिहायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलंय. म्हणजे तुझा प्रश्न आणि माझी नोकरी एकच झाली.

तिसरी अडचण मी स्वतः. तुम्ही यावं असं मला फार वाटतं. संध्याकाळी कुलूप उघडून दिवा लावते तेव्हा तर तो कालवा, ते घर, आत खोकणारे बाबा, सगळं दिसायला लागतं. अशी बाई आकड्यांसमोर बसली की मनी वसे ते तक्त्यात दिसे. आणि मुद्दाम उलट बघायला गेले तर तोही पक्षपातच.

म्हणून एक युक्ती केली. आमच्याकडे यंत्रांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञ बाई आहेत, सगळे त्यांना हवाबाई म्हणतात. त्यांना सांगितलं, चारही केंद्रांची नावं काढा आणि क, ख, ग, घ अशी अक्षरं लावून आकडे मला द्या. कुठलं अक्षर कुठलं केंद्र ते तुमच्या डोक्यात ठेवा. अहवालाचे निष्कर्ष लिहून होईपर्यंत मी कितीही विनवलं तरी सांगायचं नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही विनवणार आहात हे आधीच ठरलंय का?

तेव्हा थोडं थांब. बाबांची छाती तशी बरी आहे ना?

तुझी,
(‘वन्सं’ म्हणून सही करणार नाही)

*

२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

डोळ्यांवर पट्टी बांधून हवा बघणारी तू पहिलीच. तुझ्या भावाला वाचून दाखवलं. तो हसून हसून दमला आणि म्हणाला, शंकासुराला आता सरकारी पगारही मिळतो.

एक विचारू? वारा वजा कसा करतात? मी शाळेत भूगोल शिकवते. वारा मोजतात हे माहीत होतं, वजाबाकीत धरतात हे नव्हतं. मला कळेल असं लिही. मला कळलं तर सातवीच्या वर्गालाही कळेल, कारण आम्ही एकाच पातळीवर आहोत.

बाबा ठीक. खोकतात, पण ते पूर्वीही खोकायचे. निम्मा खोकला आपण खोलीत असल्याचं कळवण्यासाठी असतो. मी सुट्टीच्या दिवशी त्यांची पुस्तकं पुसून ठेवते, दोन दिवसांत पुन्हा बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. घरकामाचं हे असंच.

आणि अहवाल लिहिणाऱ्या बाईने स्वतःचं लिखाण तरी धड ठेवावं. तुझ्या मागच्या पत्रात दोन शब्दांखाली बारीक रेघा आहेत. तुला स्वतःच्या शुद्धलेखनाचीही शंका येते का? पत्रं मी चादरींच्या घडीत ठेवते. चादरींना बाबा हात लावत नाहीत.

दुकानदाराचा निरोप होता. त्याला वाट बघायचं काही वाटत नाही म्हणे, पण त्याच्या बायकोला वाटतं.

वहिनी

*

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

रेघा मी मारलेल्या नाहीत. पण आता तू म्हणतेस तर कदाचित मारल्याही असतील.

वारा वजा कसा करतात ते सांगते. समज, तुला बघायचंय की लग्नापासून आजवर दादाचा राग कमी झाला का. तू म्हणशील, झाला, गेल्या वर्षी तो फारसा चिडला नाही. मी विचारीन, गेल्या वर्षी रात्री-अपरात्री किती गाई अडल्या? कारण रात्रभर गोठ्यात उभा राहिलेला माणूस सकाळी चिडतोच, आणि ज्या वर्षी गाईंनी त्याला झोपू दिलं त्या वर्षी तो संत वाटतो. ती सुधारणा दादाची नव्हे, गाईंची. म्हणून गाई वजा करायच्या. म्हणजे गाय अडली त्या दिवसाची तुलना गाय अडलेल्या दिवसांशीच करायची, आणि निवांत दिवसाची निवांत दिवसांशी. एवढं करूनही राग उतरलेला दिसला, तर ते श्रेय दादाचं.

हवेचंही तसंच. वाऱ्याचा दिवस वाऱ्याच्या दिवसांशी लावायचा, थंडीतली कोंदट सकाळ थंडीतल्या कोंदट सकाळींशी. मग प्रत्येक वर्षाची दुसऱ्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावायची, जोडीजोडीत दरवर्षी किती घट झाली ते काढायचं, सगळे आकडे ओळीत उभे करायचे आणि मधला उचलायचा. सरासरी का नाही? एखाद्या वर्षी कुठे मोठी आग लागली तर सरासरी बिचारी तिच्यामागे फरफटत जाते. मधला आकडा जागचा हलत नाही. घरातल्या मधल्या मुलासारखा, त्याच्याकडे कोणी बघत नाही आणि तोच खरं बोलतो.

शेवटी एक खेळ. वर्षं पत्त्यांसारखी पिसायची. हजार वेळा पिसून बघायचं की नुसत्या योगायोगाने इतकी घट किती वेळा पडते. क्वचितच पडत असेल तर म्हणायचं, इथे खरंच काही झालंय.

परवा साहेब डोकावून म्हणाले, सुधारली ना हवा? मी म्हटलं, वारा वजा करतेय. ते म्हणाले, फार वजा करू नका, काहीतरी शिल्लक ठेवा.

तुझी,
नणंद (आणखी खाली उतरणार नाही)

*

९ मार्च

प्रिय वहिनी,

येऊ नका.

चारपैकी तीन केंद्रांवर हवा खरंच सुधारली, वारा वजा करूनही. चौथ्यावर, म्हणजे ‘ग’वर, नाही. तिथली सगळी घट वाऱ्याची निघाली. तो काढला की रेघ वीस वर्षं सपाट, शेवटी जराशी वरच.

आणि ‘ग’ म्हणजे कालवा. हवाबाईंनी सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. पण ‘ग’च्या आकड्यांत सहा वर्षांपूर्वी काही महिने कोरे आहेत, आणि त्याच सुमाराला कालव्याजवळच्या पाणीखात्याच्या इमारतीवर दुरुस्तीच्या परांच्या मी स्वतः पाहिल्या होत्या. आमचं यंत्र तिच्याच गच्चीवर असतं. दुसरं केंद्र असूच शकत नाही.

अशी शंका मला पहिल्या दिवसापासून होती. जे इतकं हवं असतं ते सहसा मिळत नाही. दुकानदाराला नाही म्हणून कळव. बाबांना काय सांगायचं ते तू ठरव, तुला ते माझ्यापेक्षा बरं जमतं.

तुझी

*

२९ मार्च

प्रिय वहिनी,

उत्तर नाही. रागावलीस का? रागावली असशील तर तेच लिही, मला चालेल. फोन केला होता. दादा म्हणाला, सगळं ठीक आहे, गाय अडलीय, ठेवतो. त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून तो फोन लवकर ठेवतो. भर दुपारी, आणि मागे कोणीतरी रुग्णाला जेवण द्यायचं का विचारत होतं. गाईला असं विचारत नाहीत.

दोन ओळी तरी पाठव.

*

३ एप्रिल

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद.

तुझी चारही पत्रं वाचली. चादरींच्या घडीत काही लपवणाऱ्या माणसाने त्या चादरी म्हाताऱ्याच्या अंगावर घालू नयेत. चाळीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर वाचून पोट भरलं, आता सवय जात नाही. ‘निष्कर्ष’ आणि ‘कर्तृत्व’ यांखालच्या रेघा माझ्या. दोन्ही शब्द तू घाईत लिहिलेस. तशीच एक रेघ सूनबाईच्या पत्राच्या कच्च्या प्रतीत ‘शिफारस’खाली आहे. तीही मी वाचली.

आता सूनबाई सांगणार नाही ते मी सांगतो. तुझं ‘येऊ नका’ आलं त्या आठवड्यात मी तीन रात्री दवाखान्यात काढल्या. नाकाला नळी लावली होती. आता घरी आहे, भिण्यासारखं काही नाही. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांशी भांडण होण्याइतपत बरा झालो, तेव्हा सोडलं.

दुसरी गोष्ट. आपल्या घरामागच्या टेकडीवर दीड वर्षापासून खडी फोडायचं यंत्र चालतं. सकाळी सुरू होतं, अंधार पडल्यावर थांबतं. पुस्तकांवर धूळ बसते ती घरकामाची नव्हे. सूनबाईने तुला कळवलं नाही, कारण गावाकडची हवा चांगली म्हणून मला इथे तीच घेऊन आली होती. तेव्हा चांगली होतीही. तिला चिडवू नकोस. म्हणजे, फार चिडवू नकोस.

तर माझी शंका अशी. तू तुमच्या शहराच्या आजच्या हवेची तुलना वीस वर्षांपूर्वीच्या हवेशी केलीस. मी वीस वर्षांपूर्वीच्या शहरात राहायला येणार नव्हतो. मी इथून तिथे येणार होतो. इथलं कोण बघणार?

दुकानदाराला मी परस्पर कळवलं आहे की, सूनबाईचा नकार तपासणीविना गेला, तो रद्द समजावा.

तुझे
बाबा

*

११ एप्रिल

ती. बाबांस,

सा. न. तुमचं पत्र कचेरीतच उघडलं, हे चुकलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास आणून दिला.

दवाखान्याचं मला कळवायला हवं होतं. त्याबद्दल मी दादाशी बोलले आहे. बोलले म्हणजे काय ते तो सांगेल.

तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. वहिनीला खरं तर कळायला हवं होतं, यावं की नाही. मी उत्तर देत बसले, हवा सुधारली की नाही, कारण मला तेवढंच काढता येतं. सुधारणारी हवा वाईट असू शकते आणि बिघडणारी हवाही तुमच्या टेकडीपेक्षा बरी असू शकते. हे मी दरवर्षी नव्या लोकांना शिकवते.

आता दुसरं. तुमचं पत्र वाचून मी हवाबाईंकडे गेले आणि म्हटलं, ‘ग’ कालवाच ना? त्या यंत्राचा पंप पुसत होत्या. म्हणाल्या, निष्कर्ष लिहून झाले का? मी म्हटलं, झाले. तेव्हा म्हणाल्या, ‘ग’ बस आगार आहे. कालवा ‘ख’.

पाणीखात्याच्या इमारतीची दुरुस्ती झाली तेव्हा त्यांनी यंत्र उचलून शेजारच्या गच्चीवर नेलं होतं, एकही दिवस कोरा गेला नाही. कोरे महिने आगारातले, तिथला पंप जळाला होता आणि नवा यायला वेळ लागला. मी म्हटलं, मला वाटलं होतं की… त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही. ‘बाई, डोळ्याला पट्टी बांधायची आणि मग फटीतून बघायचं, यापेक्षा सरळ डोळे उघडे ठेवून बघितलं असतंत तर काय बिघडलं असतं?’

मनासारखं दिसेल म्हणून इतकी भ्याले होते, की मनाविरुद्ध दिसलेलं न तपासता खरं मानलं.

‘ख’बद्दल सांगते. वारा, थंडी, यंत्रबदल सगळं वजा जाता कालव्याजवळची धूळ वीस वर्षांत साधारण एक तृतीयांशाने उतरली आहे. कमीत कमी पाव, जास्तीत जास्त चाळीस टक्के. हजार वेळा वर्षं पिसली, इतकी घट एकदाही नुसती पडली नाही. तरीही थंडीतल्या सकाळी तिथली हवा मी चांगली म्हणणार नाही.

तुमच्याकडच्या हवेबद्दल मला काहीच माहीत नाही. सोबत तळहाताएवढं यंत्र पाठवते आहे. हवाबाईंनी ते आठवडाभर मोठ्या यंत्राशेजारी चालवून बघितलंय. दमट हवेत ते थोडं जास्त दाखवतं, किती ते चिठ्ठीवर आहे, कालव्याचे सध्याचे आकडेही तिथेच आहेत. गॅलरीत ठेवा. स्वयंपाकघराजवळ नको, आणि कृपा करून त्याच्यावर फडकं झाकू नका.

तुमची
मुलगी

*

६ मे

प्रिय वन्सं,

तुझं यंत्र तीन आठवडे गॅलरीत बसलं होतं. बाबा त्याला ‘पाहुणी’ म्हणायचे आणि तिच्यासमोर मुद्दाम खोकायचे. मी सांगितलं, ते खोकला मोजत नाही. म्हणाले, मग कशाला पाठवलंय?

आकडे सोबत आहेत. तुझ्या चिठ्ठीप्रमाणे दमटपणा वजा केला, सातवीतल्या दोघींनी उजळणी केली. खडीचं यंत्र चालू असेल त्या दिवशी आमची धूळ तुमच्या कालव्याच्या जवळजवळ दुप्पट. बंद असेल त्या दिवशी आमची हवा तुमच्यापेक्षा पुष्कळ चांगली. ते फक्त रविवारी बंद असतं. तुझा भाऊ म्हणाला, म्हणजे बाबांनी श्वास रविवारी घ्यायचा. मग खडीच्या यंत्राविरुद्ध अर्ज लिहायला बसला. तो अर्ज बाबांनी तपासला. पाचव्यांदा लिहिणं चालू आहे.

खडीचं तुला लिहिलं नाही. काय लिहिणार होते? तुझ्याशी भांडून बाबांना इथे आणलं, ती चर्चा मी जिंकले होते. तू अजून एकदाही टोमणा मारला नाहीस, त्याने जास्त लागतं. मारून टाक एकदा.

तीन आठवड्यांच्या आकड्यांवरून काही ठरवायचं नसतं हे मला आता पाठ आहे. तरी आम्ही ठरवलं. तू आणखी तीन वर्षांचे आकडे मागशील, पण तेवढे दिवस बाबांना तक्त्यात ठेवता येणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुझा भाऊ त्यांना आणून सोडेल. त्याच्या जागी माणूस आला आणि माझी शाळा सुटली, की आम्ही दोघं येऊ.

आणि आता जरा मान खाली घाल. बस आगार म्हणजे ‘ग’ हे वाचून मी आधी बाबांकडे बघितलं, मग तुझ्या भावाकडे, आणि तिघंही एकदम म्हणालो, ती राहते कुठे? वीस वर्षं सुधारली नाही ती हवा तुझ्या खिडकीसमोर. चौथ्या मजल्यावर रोज धापा टाकत चढतेस, आत जाऊन खिडकी उघडतेस, आणि आमच्या फुफ्फुसांची काळजी करतेस. हे तुझ्या लक्षात तरी आलं होतं का?

सामान बांध. कालव्याच्या घरात तिसरी खोली आहे.

वहिनी

*

१८ जून

प्रिय वहिनी,

लक्षात नव्हतं आलं. ‘ग’ म्हणजे आगार हे कळल्यावर मी लगेच अहवालात लिहिलं की आगाराजवळ राहणाऱ्यांचा विचार व्हावा. ते राहणारे म्हणजे कोण, हा विचार तुझं पत्र येईपर्यंत शिवलाही नाही.

टोमणा मागितलास. मनात एक तयार होता, पण आगारासमोर राहणारीच्या तोंडी तो शोभणार नाही.

अहवाल दिला. साहेबांना ‘शहराची हवा सुधारली’ असं एक वाक्य वर हवं होतं. मी लिहिलं, तीन ठिकाणी सुधारली, आगाराजवळ नाही. त्यांनी विचारलं, आगाराचं खाली नाही का टाकता येणार? मी म्हटलं, मी तिथेच राहत होते. यात शास्त्रीय असं काही नव्हतं, तरी त्यांनी वाक्य वरच ठेवलं.

दादाने बाबांना सोडलं त्याच दिवशी मीही कालव्याच्या घरात राहायला आले. बाबा खिडकीजवळच्या खोलीत आहेत. दुकानदार रोज दुपारी वर येतो आणि दोघं बसून पेपरातल्या चुका काढतात. तुला सांगायचं नव्हतं, पण पहिले चार दिवस मी बाबांचा खोकला मोजत होते. मनातल्या मनात, पण भिंतीपलीकडून त्यांना कळलं. म्हणाले, ‘चार दिवसांवरून कल काढतेस? आणि वाटेत गाडीत पाय आखडले होते, ते वजा केलंस का?’ तेव्हापासून बंद केलं. निदान प्रयत्न करते.

खरी अडचण वेगळीच आहे. बाबांना इथे आणलं ते बरोबर केलं का, हे मला कधीच कळणार नाही. बरे राहिले तर म्हणता येईल, तिथेही राहिले असते. बिघडले तर म्हणता येईल, तिथे आधीच बिघडले असते. तुलना करायला टेकडीखाली दुसरे बाबा ठेवलेले नाहीत. माझ्या सगळ्या कामात हे असतं, पण तिथे निदान वर्षं पिसता येतात.

काल संध्याकाळी त्यांना विचारलंच. तिकडच्यापेक्षा इथे बरं वाटतं का? ते चष्मा पुसत होते. म्हणाले, ‘तुला कुठलं उत्तर हवंय ते आधी सांग.’

मी म्हटलं, मला काय हवंय त्याने तुमच्या छातीत फरक पडत नाही.

‘ते मी बघतो. तू सांग.’

मग मी सांगितलं. म्हटलं, तुम्ही इथे असावं, असं मला वाटतं. तिकडची हवा कालव्यापेक्षा चांगली निघाली असती तरी वाटलं असतं, म्हणूनच एवढी भीत होते. इतकं बोलायला वेळ लागला, आणि खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज झाल्याने मधला एक शब्द पुन्हा बोलावा लागला.

‘हे पत्रात वाचलं होतं,’ ते म्हणाले. ‘कानावर नव्हतं आलं.’ चष्मा लावला. मग म्हणाले, ‘बरं वाटतंय.’

ते खरं होतं की माझ्याकडे बघून म्हणाले, हे काढता आलं असतं. आणखी दोन प्रश्न वेगळ्या वळणाने विचारले असते तर निघालं असतं. मी विचारले नाहीत. त्यांच्यासाठी चहा ठेवला.

तुम्ही दोघं लवकर या. मला हवं आहे म्हणून सांगते आहे, याला दुसरं कारण जोडलेलं नाही.

तुझी,
वन्सं